यमूचा मेनिया

माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एका शब्दानं मोडत आणलं, आणि त्या शब्दाचं स्पेलिंग अगदी बरोबर होतं.

ही एकोणीसशे तीस सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन रत्नागिरीच्या कचेरीत नुकताच चिकटलो होतो. काम नकला करण्याचं, पण टोपी अशा ऐटीत घालायचो की जिल्हा जणू मीच चालवतो! आमच्या हेडक्लार्कांच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा. साहेबांना टेनिसचा मेनिया आहे. साहेबांच्या मडमेला मांजरांचा मेनिया आहे. मेनिया म्हणजे जबर आवड, नाद, हे मी ऐकून ऐकून ताडलं. कोश उघडून पाहिला नाही. (कोश अडाणी लोकांसाठी असतो, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.)

त्याच सुमारास यमूला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, पालीचं स्थळ आलं. मुलगा मुंबईत गोदीच्या हाफिसात. त्याचे वडील तात्या पालीला बाजारात दुकान चालवायचे, आंब्याची चार कलमंही बाळगून होते. पत्रिका जुळली होती. मुलगी बघायला येण्याआधी तात्यांनी कार्ड टाकलं, 'मुलीचे गुण व सवयी कळवाव्यात.'

आप्पा उत्तर लिहायला बसले, तेवढ्यात मी आडवा आलो.

"आप्पा, मुलगा इंग्रजी शिकलेला आहे. पत्र इंग्रजीत जाऊ दे. वजन पडेल."

"मुलगा मुंबईस. पत्र जाणार पालीस. वजन पडायचं कोणावर?" आप्पा म्हणाले.

असल्या मागासलेल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नसे.

आता यमूचा मुख्य गुण म्हणजे स्वच्छता. ती चुलीत घालायचं लाकूडसुद्धा आधी झटकायची! दारात आलेल्या माणसाचा चेहरा तिला कधी दिसलाच नाही. दिसायचे ते पाय. मी दौत पुढे ओढली आणि झोकात लिहिलं, 'माय सिस्टर हॅज अ मेनिया फॉर क्लीनलीनेस.' खाली वळणदार सही ठोकली. वाक्य मला इतकं आवडलं की पाकीट बंद करायच्या आधी मी ते यमूला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे काय रे दादा?"

"तुझी स्तुती आहे, गप बस."

तीन आठवडे झाले तरी पालीहून अक्षर नाही. आई देवाला गूळखोबरं बोलली. आप्पा रोज पोस्टमन गेला की मला विचारायचे, "वजन पडलं का रे?"

पालीला काय झालं ते आम्हांला मागाहून कळलं. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पत्र गावच्या मास्तरांकडे नेलं. मास्तर माझ्यासारखे हुशार नव्हते, त्यामुळे त्यांनी कोश उघडला. बोट ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा बोट ठेवलं आणि म्हणाले, "तात्या, मुलीला उन्माद आहे. वेडाचा प्रकार."

त्यात आम्ही राहणार रत्नागिरीत! जिल्ह्यात कोणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक म्हणायचे, 'याला रत्नागिरीस पाठवा.' वेड्यांचं इस्पितळ आमच्या गावात, हे पोरासोरांनाही ठाऊक. तात्यांच्या बायकोनं ऐकल्याबरोबर पदर तोंडाला लावला. पण तात्या भला माणूस. म्हणाले, "अगो, त्यांनी कळवलं तरी. दुसरा असता तर लपवून मुलगी गळ्यात बांधता. एकदा बघून येतो."

आणि एका सकाळी तात्या पालीच्या एका म्हाताऱ्या वैद्यांना बरोबर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. न कळवता! मोटारीनं आलेले, त्यामुळे दोघंही टोपीपासून टाचेपर्यंत तांबड्या धुळीनं माखलेले. आणि यमूनं ओटी नुकतीच सारवलेली!

तात्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं मात्र, आतून आवाज आला, "थांबा!"

तात्या थांबले. यमू कळशी घेऊन बाहेर आली. हे भावी सासरे आहेत हे तिला माहीत नव्हतं. (असतं तरी काही फरक पडला नसता.) तिनं तात्यांच्या पायांवर तीन तांबे ओतले, वैद्यांच्या पायांवर चार, आणि म्हणाली, "आता टाचा घासा."

तात्यांनी मुकाट्यानं टाचा घासल्या. घासता घासता ते वैद्यांच्या कानात म्हणाले, "चढलेला दिसतो."

"विरोध करू नका," वैद्य म्हणाले.

एवढ्यात आप्पा बाहेर आले. ओळख झाली, आई लगबगीनं पोह्यांना लागली, मी टोपी घालून बसलो. वैद्यांनी यमूला समोर बसवलं आणि हळूच तिची नाडी धरली. आप्पांना वाटलं, पालीला मुलगी बघायची हीच पद्धत असेल.

"बाळ, झोप लागते ना?"

"डास नसले तर लागते."

"उगाच रडू, हसू येतं?"

"कांदा चिरताना रडू येतं. हसू दादा बोलला की येतं."

वैद्य आणखी पुढे सरकले. "कानात कोणी बोलल्यासारखं वाटतं? न कळणारं काहीतरी?"

"हो, रोज सकाळी!"

तात्यांनी डोळे मिटले.

"कोण बोलतं गो?"

"दादा. इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो. त्यालाही कळत नसावं."

वैद्यांनी हात सोडला. "तात्या, मुलीला काहीएक झालेलं नाही. उन्मादाचं एक लक्षण नाही."

"कसला उन्माद?" आप्पा ताडकन उठले.

तात्यांनी खिशातून माझं पत्र काढलं. मास्तरांनी खाली तांबड्या शाईनं अर्थ लिहिला होता. आप्पांनी तो वाचला आणि पत्र माझ्यासमोर धरलं. तिथंच मी गप्प बसलो असतो, माफी मागितली असती, तर प्रकरण पोह्यांबरोबर मिटलं असतं. पण अपमान माझ्या इंग्रजीचा झाला होता!

"तात्या, तुमच्या मास्तरांना रोजच्या वापरातलं इंग्रजी ठाऊक नाही. मेनिया मोठमोठ्यांना असतो! आमच्या साहेबांना आहे. आप्पांना तपकिरीचा आहे. आईला उपासांचा आहे. आमची आजी तर त्यातच गेली!"

तात्या सावकाश उठले. "म्हणजे घराण्यातच आहे म्हणा की!"

"तसं नव्हे हो! मला स्वतःला केवढा आहे!"

"ते दिसतंय," तात्या म्हणाले आणि छत्री शोधायला लागले.

आईनं पोह्यांची ताटली तशीच परत आत नेली. यमूनं माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी मला विहीर जवळची वाटली. ती ओला तांबा घट्ट धरून उभी राहिली. आता मात्र माझी तंतरली. त्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला असलेले एक डॉक्टर आमच्याच आळीत, चार घरं सोडून राहायचे. त्यांच्याशिवाय हा शब्द कोण सोडवणार? "कोणी जायचं नाही!" असं ओरडून मी धावत सुटलो, अनवाणी, टोपी ओटीवरच पडलेली, हातात ते पत्र फडफडवत.

डॉक्टर अंगणात दाढी करत होते.

"डॉक्टर, चला! आमच्या घरात सगळ्यांना मेनिया आहे म्हणतात, पण कोणालाच नाही! आजीलाही नव्हता! तो फक्त शब्द आहे!"

डॉक्टरांनी वस्तरा अगदी सावकाश खाली ठेवला आणि माझ्यापासून लांब सरकवला.

"बरं बरं," ते गोड आवाजात म्हणाले. "मला पटलं. आपण चालत चालत बोलू या हं. घरी कोण कोण असतं?"

"तुम्ही मला ओळखता ना? मी वासू!"

"तर! वासूच तुम्ही. कोणी नाही म्हटलं का?"

त्यांनी माझा दंड असा धरला की हलता येईना. अर्ध्या गालाला साबण तसाच. चार घरांच्या चारही ओट्या भरून गेल्या होत्या. बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या होत्या. मी ज्याला त्याला सांगत होतो, "मला काही झालेलं नाही!" आणि डॉक्टर मागून मान हलवत होते, "काही नाही, काही नाही."

आमच्या ओटीवर पोचल्यावर आप्पांनी सगळा उलगडा केला. डॉक्टरांनी पत्र वाचलं, माझा दंड सोडला आणि ते इतके हसले की गालावरचा साबण यमूच्या सारवणावर पडला.

मग ते तात्यांना म्हणाले, "मास्तरांचा कोश खरा आहे. आमच्या विद्येत मेनिया म्हणजे रोग. त्यात माणूस दिवसेंदिवस झोपत नाही, भलतंच बरळतो, आवरता आवरत नाही. त्याची थट्टा करू नये, फार हाल होतात बिचाऱ्यांचे. पण साहेबलोक क्लबात हाच शब्द नादाला म्हणून वापरतात. आपण नाही का म्हणत, अमक्याला भजनाचं वेड आहे? म्हणून त्याला कोणी माझ्याकडे आणत नाही."

"एवढंच होतं?" तात्या खाली बसले. "मग सरळ मराठीत लिहायचं, मुलीला टापटिपीचं वेड आहे! मी त्याच दिवशी नारळ घेऊन आलो असतो. आमची ही पण तशीच."

यमू पुढे आली. तिच्या हातात फडकं होतं. "डॉक्टर, जरा पाय उचला," ती म्हणाली आणि तिनं साबण पुसून घेतला. तात्या बघत राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, पोहे आणा."

यमूचं लग्न त्याच वैशाखात झालं. लग्नपत्रिका आप्पांनी लिहिली, मराठीत. यमूच्या हाताखाली तात्या पुढे दुकानातसुद्धा पाय धुऊन जायला लागले. जावईही लाख माणूस निघाला.

राहिलो मी. मला पुढची चार वर्षं मुलगी मिळाली नाही. स्थळांकडचे लोक चौकशीला येत, मी कचेरीत असे, आणि शेजारची एखादी काकू मोठ्या मायेनं सांगे, "मुलगा गुणी हो! पळाला तरी लांब जात नाही. डॉक्टर स्वतः धरून घरी आणून सोडतात!"