चौथं रीळ आधी

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे घाईत जायची सोय नाही. परवा परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. आमच्या घरात असले फॉर्म भरणारी मी पहिलीच, त्यामुळे कागद तीनतीनदा तपासत होते. काकांनी माझी मार्कशीट काचेवर ठेवली आणि झाकण न लावताच त्यांच्या आवडत्या जुन्या, गुन्हेगारांवरच्या सिनेमाची गोष्ट सांगू लागले. तो सिनेमा लागला तेव्हा काका इथे खामगावात टॉकीजचा प्रोजेक्टर चालवायचे.

"गाणं नाही, नाच नाही. रक्तबी खरं वाटे! त्या हवालदाराले गोदामात मारतात. मंग तो टपरीवर चहा पिऊन राह्यला, अन्..."

हे मी दहाव्यांदा ऐकत होते. शेवटी चिडलेच. "काका, मेलेला माणूस चहा कसा पितो? असल्या सिनेमाला चांगला काऊन म्हणता?"

काकांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

"सिनेमा चांगलाच हाय, पोरी. पहिल्याच खेळाले म्या चौथं रीळ दुसऱ्या रिळाच्या जागी लावलं. लोकायनं खुर्च्या फोडल्या, भंगार पिक्चर म्हणून गावभर बोंब केली. तीन दिवसांत उतरला. आता मलेबी तो तसाच उलटापालटा आठवते."

मीच झाकण लावलं, बटण दाबलं.

"फॉर्म देऊन येते. मग पहिल्या रिळापासून नीट सांगा. चुकलात तर उठून जाईन."

परत आले तेव्हा काकांनी मशीन बंद करून दुसरी खुर्ची मांडली होती.