कोरडे बूट

दत्ता गेल्याचं मला हिंदमाताला, साडीच्या दुकानात कळलं. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाचा आहेर घ्यायचा होता. दुकानदाराने अंजिरी रंगाची साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवली होती, बायको पदर चाचपत होती आणि माझा फोन वाजला. पलीकडे दत्ताची बायको, सुनंदावहिनी. "भावजी, हे गेले... चहा ठेवला, हाक मारली, उठलेच नाहीत." मी "येतो" म्हणालो आणि तिथेच बसून राहिलो. दुकानदाराला वाटलं, रंग पसंत नाही. त्याने दुसरी साडी उलगडली. दुःख यायच्या आधी माझ्या मनात जे आलं, ते लिहायला लाज वाटते. आता हे कुणालाच कळणार नाही, असं आलं. क्षणभर हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला पुढचे कित्येक दिवस किळस येत राहिली.

या पुरवणीच्या जुन्या वाचकांना माझं नाव कदाचित आठवत असेल. निवृत्तीनंतर काही वर्षं मी इथे सायकलवाटांबद्दल लिहायचो. नदीच्या खोऱ्यांतून जाणारे मुरमाचे रस्ते, कालव्याच्या बांधावरून गेलेल्या वाटा, भातखाचरं, मध्येच एखादी वाडी, असं सगळं. वाचक विचारायचे, या वाटा तुम्हाला सापडतात कुठे? मी काहीतरी मोघम उत्तर द्यायचो. त्यातली एकही वाट मला सापडलेली नाही. सगळ्या दत्ताने शोधल्या. दत्ता नायगावचा, मूळ गाव मालवणकडे, शाळेत चित्रकला शिकवायचा. मी गिरगावात वाढलेला, विमा कंपनीत अधिकारी होऊन दादरला आलेला. आमची गाठ दादरच्या एका सायकलच्या दुकानात पडली. दोघेही साठीला टेकलेले, दोघेही कच्च्या वाटांसाठीच्या, जाड टायरच्या एकाच ग्रॅव्हल बाइककडे बघत उभे. "आपल्या वयाला शोभेल का हो ही?" मी विचारलं. "शोभायला काय, लग्नात घालून जायचीय?" दत्ता म्हणाला. आठवड्याभरात आम्ही अरे-तुरेवर आलो.

डांबरी रस्त्याचा त्याला कंटाळा होता. "डांबरावर माणूस पोचतो फक्त," म्हणायचा. त्याला खडखडणारी वाट लागायची आणि शेजारी नदी. चित्रकलेच्या मास्तरची नजर असल्यामुळे असेल, पण नदी वळली की काठावरची वाट कुठे जाईल, हे तो झाडांच्या रांगेवरून ओळखायचा. भातसेच्या खोऱ्यातल्या वाटा, कुंडलिकेच्या काठच्या वाटा आम्ही अशाच पालथ्या घातल्या. तो एरवी ढिला माणूस होता, कधीच वेळेवर यायचा नाही, डबा विसरायचा, माझा खायचा. पण दोन बाबतींत कडक. शेताला लावलेली बांबूची ताटी उघडून आत शिरलो, तर ती पुन्हा लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि फरशी पूल आला, की पहिल्याने सायकलवरून उतरायचं. हे पूल म्हणजे नदीच्या तळाशी घातलेली सिमेंटची पट्टी. पाऊस झाला की पाणी तिच्यावरून वाहतं आणि खालची फरशी शाबूत आहे की नाही, ते वरून दिसत नाही. म्हणून पहिल्या माणसाने सायकल हातात धरून, पायाने चाचपत पलीकडे जायचं आणि मग घंटा वाजवायची. घंटा वाजली की मागच्यांनी बेधडक यायचं. ती घंटा दत्ताच्या वडिलांच्या सायकलची, पितळी. वडील त्या सायकलवरून गिरणीत जायचे. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने तो ती हँडलला बांधायचा, म्हणजे जो पुढे जाईल त्याला काढून देता येईल. बहुतेक वेळा पुढे तोच असायचा.

मला पाण्यात उतरायचा कंटाळा. दत्ता टपलेलाच असायचा. "काय सायबा, बूट भिजतील ना! गिरगावची माणसं चौपाटीवरसुद्धा पाय वर करून उभी राहतात." त्याच्या जावयाला, निलेशला, हा विनोद फार आवडायचा. निलेश लोअर परळच्या एका ऑफिसात संगणकाचं काम करायचा, राहायला डिलाईल रोडला. सासऱ्याचं बघून त्यानेही सायकल घेतली. रविवारी त्याच्याच गाडीवर तीन सायकली बांधून आम्ही निघायचो. दत्ताची मुलगी मनीषा खिडकीतून ओरडायची, "बाबा, नवरा परत आणा हां!" आणि दत्ता ओरडायचा, "गो, परत करूकच घेतलेलो नाय!"

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. एका नव्या वाटेवर ओळखीच्या सायकलवाल्यांच्या गटाला न्यायचं, त्याआधी आम्ही तिघे ती बघायला गेलो. त्या नदीचं नाव मी देत नाही, तिचा काही दोष नाही. एका शेताची ताटी लावायला दत्ता मागे थांबला आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीने त्याला बोलण्यात गुंतवलं. निलेश वाटेत फोटो काढत रेंगाळला होता. दत्ताने घंटा सोडून माझ्या हँडलला बांधली. "पुढे पाणी लागेल. चालत जा हां, मेल्या." मी हो म्हटलं. वळणापलीकडे फरशी आली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, स्वच्छ, वर ऊन चमकत होतं. माझ्या पायात आदल्याच दिवशी घेतलेले बूट होते. दुसरं काही कारण नव्हतं. मला ते भिजवायचे नव्हते. थोडा वेग घेतला, दोन्ही पाय पेडलवरून वर उचलले आणि मुलं जातात तसा पाणी उडवत पलीकडे गेलो. मजा वाटली. आणि मी घंटा वाजवली.

मधल्या फरशीचा उजवा तुकडा वाहून गेलेला होता. चालत गेलो असतो तर पायाला लागला असता. निलेश घंटा ऐकून वळणावरून वेगात आला, मला हात केला... पुढचं चाक खाली गेलं, तो डोक्यावर आपटला आणि पाणी त्याला पट्टीवरून खालच्या डोहाकडे घेऊन गेलं. मी काठावर ओरडत धावलो. धावलो, पण पाण्यात उतरलो नाही. पोहता येत होतं मला. कपडे धुणाऱ्या बायकांच्या आरडाओरड्याने गावातले दोघे जण आले, त्यांनी उड्या टाकल्या. पाठोपाठ आलेल्या दत्तानेही टाकली. निलेशला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. दत्ता त्याच्या छातीवर दाब देत राहिला, गावकऱ्यांनी त्याला बाजूला ओढलं. चिखलात बसल्याबसल्या त्याने मान वर केली. माझ्या तोंडाकडे नाही, खाली बघितलं. माझे बूट कोरडे होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं, आणि त्याला कळल्याचं मलाही.

बायकांनी पोलिसांना सांगितलं, घंटा वाजली आणि मागोमाग तो पोरगा आला. घंटा कुणी वाजवली, ते त्या कशा सांगणार? हेल्मेट घातलेले दोन म्हातारे त्यांना सारखेच. अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. नायगावच्या चाळीतल्या खोलीत, माणसं दाटीने बसलेली असताना, मनीषा बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुमची घंटा वाजली म्हणून तो उतरला नाही. तुम्ही न बघता वाजवलीत ना?" दत्ताने एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून बसलो होतो, हातात कुणीतरी दिलेला पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यायलो. "घंटा माझीच होती," दत्ता म्हणाला. मनीषा वळली आणि गेली. त्यानंतर ती बापाशी कधीही बोलली नाही.

महिन्याभराने याच पुरवणीत मी त्या अपघातावर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'सर्वांत पुढे असलेल्या अनुभवी सायकलस्वाराकडून अंदाजाची चूक झाली.' वाक्य खोटं नव्हतं. पण आमच्यात सर्वांत पुढे कोण असतो, हे वाचकांना माझ्याच लेखांवरून पाठ होतं. आज ते वाक्य मी इथे, त्याच जागी दुरुस्त करतो. पुढे मी होतो. अंदाज कुणी केलाच नाही. मी न तपासता घंटा वाजवली. दत्ताराम त्या वेळी मागे एका शेताची ताटी लावत होता.

आम्ही दोघांनीही सायकल सोडली. दत्ता मात्र दर रविवारी दुपारी माझ्याकडे यायला लागला. चहा प्यायचा, पेपर वाचायचा, फारसं बोलायचा नाही. मला वाटायचं, हा मला माफ करून येतो. चाळ पाडली, ते नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला गेले, तरी त्याचं येणं चुकलं नाही. खरं कारण वहिनींनी तो गेल्यावर सांगितलं. रविवारी दुपारी मनीषा आईला भेटायला यायची. बाप घरात असला तर ती दारातूनच परत जायची. म्हणून तो आधीच बाहेर पडायचा... आणि ज्याच्यामुळे पडावं लागायचं, त्याच्याच घरी येऊन बसायचा. एकदाच मी विचारलं होतं, "तू पोरीला सांगत का नाहीस?" पेपर बाजूला न करता तो म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलोय." मी म्हटलं, "सांगतो." त्याने पान उलटलं. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. तो परत कधी त्यावर बोलला नाही. थांबून मात्र राहिला.

तेराव्याला पंगतीत मनीषा वाढत होती. "काका, अजून थोडा भात?" तिथेही माझं तोंड उघडलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी मी डिलाईल रोडला तिच्या घरी गेलो. रुमालात घंटा बांधून नेली होती. त्या दिवसापासून ती माझ्याच सायकलला होती. दत्ताने कधी मागितली नाही आणि मी दिली नाही. मी सगळं सांगितलं, बुटांसकट. मनीषा ओट्याला टेकून ऐकत होती. गॅसवरचं दूध वर आलं, तिने गॅस बंद केला.

"दर रविवारी तुमच्याकडेच यायचे ना ते?"

"हो."

"काय करायचे?"

"पेपर वाचायचे."

"आणि मी तिकडे आईला विचारायचे, बाबा कधी येतील, म्हणजे त्याआधी निघते." तिने डोळे पुसले नाहीत. "मी शेवटचं पाया पडले ना काका, तेही रागातच पडले. लोक बघत होते म्हणून. आता हे मी कुणाला सांगू?"

मी रुमाल पुढे केला. तिने गाठ सोडली, घंटा बघितली, पण हात लावला नाही. रुमाल पुन्हा बांधून माझ्याच मांडीवर ठेवला. "बाबांनी मागितली नाही ना? मग मीही मागत नाही. आणि हे मला एकटीला सांगून सुटू नका. जिथे छापलं होतंत तिथेच छापा." दारापर्यंत सोडायला ती आली नाही.

घंटा आता आमच्या दिवाणखान्यात आहे, खिडकीजवळच्या खुर्चीच्या हातावर, त्याच रबरी पट्टीने बांधलेली. रविवारी दत्ता त्या खुर्चीत बसायचा. घरकामाला येणाऱ्या बाई खुर्ची पुसतात तेव्हा फडका लागून ती वाजते, अजून खणखणीत वाजते. त्यांना वाटतं, मी दचकतो. मी दचकत नाही. मी माझ्या पायांकडे बघतो.