पोत्याच्या जागी मी

"पोत्यापेक्षा अश्विनी बरी. बांधावी लागत नाही, आणि बोलतही नाही."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन अर्ध्या ओढलेल्या शटरमागे उभी होते आणि आत माझे मोठे दीर, अण्णा, माझ्या नवऱ्याला हे सांगत होते. प्रसाद, म्हणजे नवरा, हसून म्हणाला, "आणि वाटेत सांडत नाही."

हुबळीच्या कमरीपेठेत आमच्या घराखालीच या दोघा भावांचं गॅरेज आहे. मोटरसायकलच्या इंजिनाला ते हात लावत नाहीत. फक्त सस्पेन्शन. माणसाच्या वजनाप्रमाणे, रस्त्याप्रमाणे स्प्रिंग बदलायची, पुढच्या चाकाच्या फोर्कमधलं तेल बदलायचं, घट्ट करायचं, सैल करायचं. दोघं बसल्यावर गाडी कशी चालते हे बघायला पूर्वी मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधायचे. ते एकदा कोप्पीकर रोडवर उसवलं. त्यानंतर लगेच आमचं लग्न झालं. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं प्रसाद म्हणतो.

तर आता गाडी प्रसाद चालवतो आणि मागं मी बसते. चालवता मलाही येते, पण ते कुणी विचारलेलं नाही. बोलक्या माणसाचे किस्से सांगून सांगून संपतात. गप्प माणसाकडं ते नुसते साठत जातात. माझ्याकडं सहा महिन्यांचे साठलेत. पोत्याला एक दिवस तोंड फुटणार, हे मी शटरमागेच ठरवलं होतं. कधी, ते तेवढं ठरत नव्हतं.

* * *

स्प्रिंग निवडायची तर आधी गिऱ्हाइकाचं वजन लागतं. आणि या एका बाबतीत अख्ख्या हुबळीत कुणी खरं बोलत नाही.

एक वकीलसाहेब आले. अण्णांनी विचारलं, "वजन किती, सर?"

"पंच्याहत्तर."

साहेब गाडीवर बसले. गाडी खाली गेली ती खालीच राहिली. किती दबली ते अण्णांनी पट्टी लावून बघितलं, मग प्रसादकडं बघितलं. पण वकिलाला खोटं बोलताय असं म्हणायचं कुणी?

अण्णा म्हणाले, "हेल्मेट धरून किती?"

साहेबांनी जरा विचार केला. "हेल्मेट धरून पंच्याण्णव."

"हौदु, खरंय," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "चांगलं हेल्मेट जडच असतं."

तेव्हापासून आमच्याकडं सगळ्यांचं वजन हेल्मेट धरूनच विचारतात.

* * *

कलघटगीकडचे एक दूधवाले आहेत, बसप्पा. रोज गाडीला कॅन अडकवून हुबळीत येतात. त्यांची तक्रार अशी की गाडी इतकी आदळते, इथं पोचेपर्यंत दुधावर लोणी तरंगतं.

भावांनी चुरशीनं काम केलं. मागचं सगळं बदललं, कॅनमध्ये पाणी भरून फेऱ्या मारल्या. बसप्पा खूश होऊन गेले. चार दिवसांनी परत आले.

"काय झालं? अजून आदळते?"

"नाही हो. छलो ऐति, छान झालीय. दूध हलत नाही."

"मग?"

बसप्पांनी आवाज खाली आणला. "घरात बायको बोलत नाही. तिला त्या लोण्याची सवय झाली होती. अर्धवट आदळेल असं काही करता येतं का?"

* * *

गॅरेजमागचा रस्ता म्हणजे आमची प्रयोगशाळा. तिथला एकेक खड्डा अण्णांच्या ओळखीचा. कुठला खड्डा पुढच्या फोर्कसाठी, कुठला मागच्या स्प्रिंगसाठी, सगळं ठरलेलं.

एके दिवशी सकाळी तिथं रोलर आला. गल्लीतल्या लोकांना आनंद झाला. अण्णा नाश्ता न करता खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. ते कामावरच्या मुकादमाला हात जोडून म्हणत होते, "बोअरवेलजवळचा तेवढा एक ठेवता का? कुणाला त्रास होणार नाही, मी लक्ष ठेवीन."

मुकादमानं प्रसादला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कुणी गेलंय का यांच्या?"

* * *

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "आज काय काय केलंत?"

प्रसाद म्हणाला, "एकाची स्प्रिंग घट्ट केली. त्याला नाही आवडली. मग सैल केली."

सासूबाईंनी त्याच्या ताटात भाकरी टाकली. "म्हणजे होती तशी झाली. त्याला दोघं लागलात?"

मी आमटीत बघत राहिले. त्याही माझ्याकडं बघत नव्हत्या. आमचं असं बरंच बोलणं होतं.

* * *

फेरी मारून आलं की अण्णा मला विचारतात, "कशी वाटली?"

"बरी," मी म्हणते.

नवी सून सगळ्यालाच बरी म्हणते. भाजी बरी, पडदे बरे, सासर बरं. पण अण्णा गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "आमची अश्विनी फार कडक. सहजासहजी बरी म्हणत नाही." परवा धारवाडचा एक पोरगा गाडी न्यायला आला, तर पैसे काढण्याआधी विचारतो, "वहिनी 'बरी' म्हणाल्या ना?"

* * *

आणि मग देसाई सर आले.

सरांनी निवृत्त झाल्यावर मोठी गाडी घेतली. बायकोला घेऊन शिरसी, गोकर्ण, सगळं बघायचं असं ठरलेलं. धारवाडहून पहिल्यांदा निघाले ते अळणावरपर्यंत पोचले. तिथं बाई कंबर धरून उतरल्या आणि बसनं परत आल्या.

"परवा एक जण गाडी बघायला येतोय," सर म्हणाले. "हिला बसवेल अशी झाली तर ठेवतो. नाही तर देऊन टाकतो."

अण्णांनी मागं नवी स्प्रिंग घातली, आवळली. बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. मी चहा दिला तेव्हा हळूच म्हणाल्या, "यांना वाटतं मलाच हौस नाही. मी गोकर्णला न्यायची बॅगसुद्धा भरली होती गं."

प्रसादनं फेरी मारली, मी मागं. येऊन तो म्हणाला, "गादी झालीय गादी."

त्याच्यासाठी झाली होती. चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो. मागचा बसतो थेट मागच्या चाकावर. प्रत्येक धक्क्याला ती नवी स्प्रिंग मला खालून फटका मारून वर फेकत होती.

"कशी वाटली?" अण्णांनी विचारलं.

'बरी' अगदी ओठांवर आलं होतं. बाई माझ्याकडंच बघत होत्या.

"वाईट," मी म्हणाले.

प्रसाद हात पुसायचा थांबला. अण्णा आधी हसले. मग सरांना म्हणाले, "त्याचं काय आहे सर, मागं बसायला बायका घाबरतात. अंग आखडून घेतात, मग कंबर धरते. गाडीत काही दोष नाही."

सरांनी मान हलवली. "जाऊ द्या. येणाऱ्याला देऊन टाकतो."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

मी प्रसादच्या हातातून किल्ली घेतली, पदर खोचला, गाडी स्टँडवरून काढून चालू केली.

"अण्णा, मागं बसा. अळणावरपर्यंत जाऊन येऊ. नाहीच जमलं तर तिथून बस आहे."