मारुतीच्या बस्त्यातला निळा सूट

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या माहीत आहेत. ही एक सोडून. आईला कधी बोललो नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर — त्याचं नाव पुढे येईलच. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं म्हणजे मला नीट कळत नाही. उद्या मित्राच्या घरचं लग्न आहे, माझा कोट इस्त्री होऊन खुंटीला लागलाय, आनंदानं पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि त्या आनंदात हे एक कुसळ सारखं टोचतंय.

पण आधी मला जरा सुटांबद्दल बोलू द्या. टाळतोय असं समजू नका. किंवा — समजा. टाळतही असेन.

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. मुलुखभर पांगायचं, तिथल्या सराफांचं जुनं सोनं वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. मी मदुरैला असतो. दिवसभर भट्टीपुढे बनियनवर बसायचं, अंगाला आम्लाचा वास, भुवयांचे केस कायम करपलेले. अशा माणसाला सुटाचं वेड लागलं तर त्यात नवल काय? गावात उतरलो की कट्ट्यावरचे म्हातारे म्हणतात, "आला बगा आमचा सायेब." चेष्टा असते, मला कळतं. पण मला आवडतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते माझ्याचसारख्यांसाठी.

आता हे बघा. साखरपुड्याला बंद गळ्याचा कोट, फिका, कारण त्या दिवशी मुलीच्या साडीकडे लक्ष जायला पाहिजे. मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नाला लिनन. जाड कापड घातलं तर अक्षता पडेपर्यंत माणूस उकडून निघतो, फेटा वेगळाच. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला गडद, एकरंगी, बिलकुल चमक नसलेला. कोटाचं खालचं बटण लावायचं नाही — कधीच नाही! बाहीतून शर्टाची कड बोटभर दिसली पाहिजे. पोट शिंप्याला सांभाळता येतं, लांबी सांभाळता येते, पण खांदा नाही. कोट खांद्यात बसला तर तुमचा, नाही बसला तर दुसऱ्याचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाच्या सत्काराला, कुणाच्या लग्नाला गेलात तर ज्याचा दिवस आहे त्याच्यापेक्षा उठून दिसायचं नाही. हा नियम मी गावातल्या पोरापोरांना सांगत आलोय. मी!

मारुती माझा शाळेपासूनचा सोबती. एकाच बाकावर बसलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलो. दहावीनंतर मी मदुरैला गेलो, तो शेळ्यांमागं राहिला. पुढे डाळिंबाची बाग लावली. रंगानं काळाभोर, उंच, आणि खांदे असे की दोन्हीकडे एकेक करडू घेऊन डोंगर चढायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही विशी नुकतीच ओलांडली होती. आमच्याकडे तोवर नवरदेव म्हणजे सफारी. एकजात सगळे सफारीवाले. मारुतीच्या सासऱ्यांनी मात्र निरोप पाठवला की जावयाला सूट करायचा. वस्तीवरचा सूट घालणारा पहिला नवरदेव! मला सुट्टी मिळाली ती या बातमीवरच मिळाली म्हणा ना, मालकाला इतकी गळ घातली मी.

बस्ता कसा असतो तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडची माणसं गाडी करून सांगलीला, एकाच दुकानात, पांढऱ्या गादीवर मांड्या ठोकून. मुलीच्या साड्या मुलाकडचे घेणार, मुलाचे कपडे मुलीकडचे. आणि त्यात एक न बोललेली गोष्ट अशी की नवऱ्यानं स्वतःहून काही मागायचं नाही. मागितलं की हावरा ठरला. म्हणून तो बरोबर एक मित्र नेतो. नवऱ्याच्या मनात काय आहे ते मित्रानं ओळखायचं आणि आपलंच मत असल्यासारखं बोलायचं. नवऱ्यानं नुसती मान हलवायची. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं करतात.

बस्त्याच्या आदल्या दिवशी मारुती मला गोठ्यामागं घेऊन गेला. एवढा मोठा गडी, पण लाजत होता. म्हणाला, "सांगलीला बकरी घेऊन गेलतो तवा काचंत बगितलाय. निळा हाय. गर्द. दिवस बुडल्यावर आभाळ असतंय का न्हाई, तसला. मला तोंडानं मागता यायचं न्हाई गड्या. तू म्हण."

मी म्हणालो, "म्हणतो की. त्यात काय!"

आणि मला म्हणायचंच होतं. हे मी शपथेवर सांगतो. गाडीत बसेपर्यंत, दुकानाची पायरी चढेपर्यंत, दुकानदारानं तो निळा काढून गादीवर पसरेपर्यंत — मला तो सूट मारुतीलाच हवा होता. मीच म्हणालो, "हा घालून ये."

तो पडद्याआड गेला, आणि बाहेर आला.

कसं सांगू? बायका साड्यांवरून भांडत होत्या, त्या थांबल्या. मुलीचे मामा चहाची बशी तोंडाशी तशीच धरून राहिले. शालननं, म्हणजे नवऱ्या मुलीनं, एकदा वर बघितलं आणि पटकन मान खाली घातली, पण तिचं हसू काही लपलं नाही. खांद्यात तो कोट असा बसला होता की शिंप्यानं हात लावायची गरज नव्हती. काळा रंग, गर्द निळं कापड, आणि शेळ्यांमागं उन्हात ताठ झालेली ती मान. मी सूट घातला की सूट घातल्यासारखा दिसतो. मारुती तसा दिसत नव्हता. तो कोट त्याचाच होता.

त्या क्षणी मला काय व्हायला हवं होतं? माझा मित्र, माझा जिवलग! मी उडी मारायला हवी होती. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. गावात सूट म्हटलं की माझं नाव यायचं. दुसरं होतं काय माझ्याजवळ? ना जमीन, ना शिक्षण. आणि हा शेळ्यांमागचा गडी पहिल्यांदा कोट घालतो काय आणि — दोन मिनिटांत मला पुसून टाकतो काय!

आणि मी बोललो. चष्म्यातून बघतात तसं डोळे बारीक करून, जाणकाराच्या आवाजात बोललो, "नको. निळा नको. काळ्या अंगावर गडद खुलत नाही. माणूस दिसतच नाही, नुसता कोट दिसतो."

एवढंच. पण चारचौघांत, त्याच्या होणाऱ्या बायकोसमोर.

मामांनी बशी खाली ठेवली. मुलीकडची आत्या म्हणाली, "व्हय बाई, ह्येनी मदुरैला ऱ्हात्यात, त्यास्नी जास्त कळतंय." दुकानदार काहीतरी बोलायला गेला आणि दुसरे सूट काढायला लागला. मारुतीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून येणारं आपलंच मन ऐकायला तो उभा होता, आणि त्याला हे ऐकू आलं. रीतीप्रमाणे त्याला बोलता येत नव्हतं; ते मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांत राग होता का? नव्हता. त्याला वाटलं, ह्याला कळतं म्हणजे असेलच तसं. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं — रंगाकडे — आणि मान हलवली.

मग मी त्याच्यासाठी बिस्किटी रंगाचा, चमचम करणारा, खांद्यात सैल असा सूट निवडला. मोठ्या उत्साहानं निवडला. वर म्हणालो, "आता कसा नवरदेव वाटतो!"

थांबा, अजून आहे. इथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो.

तो निळा सूट नंतर मी जाऊन घेतला. एकटा गेलो. दुकानदारानं ओळखलं, बांधून दिला. आयत्या बिळावर नागोबा. आणि मी तो कुठं घातला असेन? मारुतीच्या लग्नात.

खांद्यात तो मला बोटभर मोठा होता. तरी घातला. मारुतीनं बघितलं आणि म्हणाला, "तुज्या अंगावर मातुर खुलतोय बग." मांडवाच्या दारात मुलीकडच्या बायका औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी आणि मारुती शेजारी शेजारी. तीच आत्या पुढे आली, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली; मारुतीच्या मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या, आणि बस्त्यातला नवरदेव तिच्या ध्यानात निळ्या कोटातच राहिला असावा. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. मी मागे सरायला हवं होतं. मी सरलो नाही. लगेच नाही. मला — सांगतोच आता — मला फार छान वाटलं.

मारुतीच हसत ओरडला, "आवं आत्याबाई, नवरा हिकडं हाय!"

सगळा मांडव हसला. तो सगळ्यात जास्त हसला. आजही जेवणाच्या पंगतीला, यात्रेला, कुणाच्या बारशाला तो ही गोष्ट रंगवून सांगतो. "ह्यो गडी असा झ्याक दिसत हुता, की माज्या बायकूची आत्याच चुकली!" दरवेळी माझ्या पाठीवर थाप मारतो. दरवेळी लोक हसतात.

त्यानंतर मारुतीनं गडद रंग अंगाला लावला नाही. शालननं एकदा जांभळा शर्ट आणला तर भावाला देऊन टाकला. म्हणाला, "आपल्या अंगावर न्हाई खुलत ते." स्वतःच्या कातडीबद्दल माणूस इतक्या सहज बोलतो तेव्हा ते कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं, नाही का?

आणि आता त्याच्या मुलाचं लग्न! ओंकार. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलंय. पुण्याला कारखान्यात चांगल्या जागेवर आहे, बापासारखाच उंच, बापासारखाच काळा, बापाचेच खांदे. मुलगी इस्लामपूरची, तिथंच कॉलेजात शिकवते, हसरी आणि तोंडाची तिखट. मारुतीचा मदुरैला फोन आला, "तू आल्याबिगर बस्ता न्हाई. माजा सूट तू बगितलास, पोराचाबी तूच बगायचा." मी मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत झोप म्हणून नाही. तीन तुकड्यांचा घ्यावा का? कॉलर रुंद की अरुंद? पोरासारखा हरखलो होतो.

सांगलीतलं तेच दुकान. गादी जाऊन खुर्च्या आल्यात, आरसे भिंतभर झालेत. ओंकार हँगर सरकवत होता. एका ठिकाणी त्याचा हात थांबला. गर्द निळा. त्यानं कापड बोटांत धरलं, जरा वेळ बघितलं, आणि परत लावून टाकलं.

"का रे?" मी विचारलं.

तो हसला. "नको काका. आपल्या अंगावर गडद नाय खुलत. पप्पा लहानपणापासून सांगत्यात."

पप्पा म्हणे सांगतात! माझं ते वाक्य बापाच्या तोंडून पोराच्या अंगात गेलं होतं. माझ्या कानात भट्टीसारखा आवाज व्हायला लागला. मी तो सूट काढला आणि जवळजवळ ओरडलोच, "घाल! आत्ताच्या आत्ता घाल!"

तो घालून आला, आणि दुकान पुन्हा तसंच गप्प झालं. इस्लामपूरची ती पोरगी मात्र गप्प बसली नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, "बास. हाच!" मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, माझे डोळे भरून आले होते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

मारुती पोराकडे बघत राहिला. जवळ गेला, कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला. "आरं... खुलतंय की रं." मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर संशय नव्हता; साधं विचारत होता. "तवा तू म्हणला हुतास न्हवं, आपल्या अंगावर खुलत न्हाई?"

एक वाक्य पुरलं असतं. तेव्हाही खुललं होतं मारत्या, मी खोटं बोललो. जिभेवर आलं होतं.

मी म्हणालो, "तेव्हाची कापडं तसली होती रे. आता रंग लय सुधारलेत."

"व्हय," तो म्हणाला, "आता समदंच सुदारलंय." आणि समाधानानं खुर्चीत बसला.

मग मुलीकडच्यांनी वरबापासाठी कोट काढायला सांगितलं. दुकानदारानं विचारलं, कुठला रंग? मारुती म्हणाला, "मला आपला फिक्काच काढा. आता निळ्याचं वय न्हाई आपलं." आणि मला म्हणाला, "तूच निवड. तुला कळतंय."

मी निवडला. बदामी रंगाचा, चमक नसलेला. खांद्यात अगदी नीट बसलाय.

उद्या दुपारी अक्षता. मांडवाच्या दारात औक्षणाची ताटं येतील, आणि मारुती बदामी कोटात उभा राहून व्याह्यांना ती आत्याबाईंची गोष्ट सांगेल. माझ्या पाठीवर थाप मारेल. सगळे हसतील. मीही हसेन.