कोळशाच्या बाजूने लागलेला निकाल

गॅसवर भाजलेलं आणि कोळशावर भाजलेलं यात चवीचा फरक कळतो का, असं आज कुणी विचारलं की मी विषय बदलतो. एके काळी याच प्रश्नावर मी तासभर बोललो असतो. बोलायचोही, समोरचा जांभया देत असला तरी.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर ताडपत्री बांधून कोंबडीच्या तंगड्या भाजून विकायचो. उचलून टेम्पोत टाकता येईल अशी लोखंडी शेगडी आम्ही वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली होती. मसाला आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे, विस्तव माझ्याकडे. त्या विस्तवाचा मला माज होता, हे कबूल करतो. कोळसा मी धसईच्या बाजारात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून येणाऱ्या एका म्हातारीकडूनच घ्यायचो. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे; खणखण वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर तिच्या गोणीत परत. पेटवायला रॉकेलचा थेंब नाही, शेणीचा चुरा फक्त. निखाऱ्यावर पांढुरकी राख धरेपर्यंत मी तंगड्यांना हात लावू द्यायचो नाही. यात पाऊण तास जायचा, आणि तेवढ्यात दोन-तीन गाड्या वाट बघून निघून जायच्या.

मेहुण्याचं डोकं इथेच तापायचं.

"भावोजी, लोकांना टाइम नाय ओ. कल्याणला गॅसची शेगडी मिळते. छोटा सिलिंडर लावला का दोन मिनिटांत चालू. कोळसा भिजायचं टेन्शन नाय."

"मग घरीच कुकरात शिजवून आन ना रे. धूर लागला नाय तर तिला भाजलेली म्हनायची कशाला?"

दोन आठवडे हेच चाललं. शेवटी तो एका ओळखीच्याकडून गॅसची शेगडी मागून घेऊन आमच्या घरी आला. म्हणाला, "दोन ताटल्यांत देतो. कोळशावरची कंची ते तुमी वळखलीत, तर मी परत गॅसचं नाव काढनार नाय. नाय वळखलीत, तर दोघं मिळून गॅसवर जाऊ." मी लगेच हो म्हटलं, शब्द दिला. माझ्या जिभेवर माझा तेवढा भरवसा होता.

अंगणात दोन्ही शेगड्या पेटल्या. मला ओसरीवर अंगणाकडे पाठ करून बसवलं. बायकोने दोन ताटल्या आणून पुढ्यात ठेवल्या. पहिला घास मिळमिळीत. दुसऱ्या घासाला धूर थेट नाकात शिरला. "ही!" मी ओरडलोच. बायको हसली, मेहुण्याने कान धरले. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. पुढचे कितीतरी दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा ऐकवत होतो.

त्यानंतर मेहुणा एखादा रविवार चुकवू लागला. कधी ताप, कधी सासुरवाडीचं काम. गणपती होईपर्यंत ताडपत्रीखाली मी एकटाच उरलो. विस्तव सांभाळू की गिऱ्हाईक, अशी तारांबळ उडायची. तरी मनात यायचं, बिचाऱ्याला अडचणी असतील.

दिवाळीनंतर एका लग्नासाठी आसनगावला गेलो. स्टेशनबाहेर घोळका दिसला. घोळक्याच्या मधोमध गॅसची शेगडी, आणि शेगडीमागे माझा मेहुणा. वर पाटी होती, 'कोळशावर भाजलेली तंगडी'. मला बघून तो क्षणभर गडबडला, मग एक तंगडी कागदावर ठेवून पुढे केली. "खा ना, भावोजी."

रागारागाने मी एक लचका तोडला. तोच धूर. ओसरीवर ज्या चवीला मी "ही!" म्हणून ओरडलो होतो, तीच चव. शेगडीशेजारी झाकणाचा डबा होता. त्याने झाकण उघडलं. आत तंगड्या, मधे वाटीत एकच पेटता निखारा आणि त्यावर तूप. धुंगार. वांग्याच्या भरताला आमच्या घरी देतात तोच.

"त्या दिवशी?" मी विचारलं.

"दोनी ताटल्या गॅसच्याच व्हत्या. एकीला धुंगार दिला."

"कोनी दिला?"

त्याने एक तंगडी उलटली, मग दुसरी. "ताईनं."

लग्नात मी जेवलो नाही. एसटीत शेजारचा माणूस काहीतरी विचारत होता, त्याच्यावरही खेकसलो. मेहुण्याने फसवलं तेव्हा राग आला. बायकोचं नाव ऐकल्यावर नुसतं रिकामं वाटलं. घरी पोचलो तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती.

"त्यानं केसानं गळा कापला, ते समजू शकतो मी," मी म्हणालो. "पन तू?"

तिने काय झालं ते विचारलं नाही. "आसनगावात जागा बघितलीय, ते त्यानं मला आधीच सांगितलं व्हतं," म्हणाली.

"मग मला हरवायचं ना! हरलो असतो तर मुकाट गॅसवर गेलो असतो त्याच्यासंगती. शब्द दिला व्हता मी!"

"म्हनूनच जिंकवलं." तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. "त्याला तुमी संगती नको व्हता."