डाव्या चाकातली चीर

थळचा हिरामण कोळी गाडी सावकाश चालवायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी टेम्पोत मासळी भरायची, शेजारी बायकोला, आवडाबाईला, बसवायचं आणि पेणच्या बाजाराला निघायचं. "ह्यापरीस होडीनं गेलेलं बरं, लवकर तरी पोचू," असं ती त्याला चिडवायची.

होळीनंतर त्याने तुकाराम मेकॅनिककडून पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क नव्या बसवून घेतल्या. थोड्याच दिवसांत ब्रेक दाबला की पायाखालचं पेडल थरथरू लागलं. 'नवीन हायत, बसतील,' अशी तो मनाची समजूत घालत राहिला.

कार्लेखिंडीच्या उतारावर पुढे एसटी थांबली, म्हणून त्याने ब्रेक दाबला. डाव्या चाकात फाडकन आवाज झाला. तुटलेला तुकडा अडकून चाक जाम झालं, स्टिअरिंगला हिसका बसला आणि टेम्पो डावीकडच्या कातळावर आदळला. आवडाबाई त्याच बाजूला बसली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

गावात कुजबुज सुरू झाली, की हिरामण प्यायला असेल. दहाव्याला तळा गावाहून आलेल्या त्याच्या मुलीनेही, सुचितानेही, विचारलं, "बाबा, गाडी जोरात होती ना? खरं सांगा."

हिरामण उठला आणि तडक तुकारामकडे गेला. मोडकी गाडी तिथंच उभी होती. तुकारामने चाक खोलून तुटलेली डिस्क पुसली.

"हे बघ. इथं लोखंड चकाकतंय, ते त्या दिवशी तुटलं. ही बाजू काळी पडलीय, म्हंजे चीर आधीपासनं व्हती. आन् ती निघाली इथनं."

चिरेच्या मुळाशी तांदळाचा दाणा मावेल एवढं भोक होतं.

"कारखान्यात लोखंड ओतताना आत हवा कोंडली. वरनं घासून गुळगुळीत केल्यावर भोक दिसणार कसं? उतारावर डिस्क तापते, मग निवते. दर खेपेला चीर थोडी थोडी सरकत ऱ्हाते."

"मंग पेडल थरथरायचं, ते ह्यामुळं?"

तुकारामने मान खाली घातली. "असंल."

हिरामणने तो तुकडा घरी नेऊन सुचिताच्या हातात दिला, सगळं सांगितलं. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"थरथरत होतं, तर गाडी उभी का केली न्हाय बाबा?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तुकारामकडे गेला.

त्याच मालातल्या डिस्क तुकारामने आणखी काही गाड्यांना बसवल्या होत्या. हिरामण त्या गाड्या शोधत फिरू लागला. कुणी हसण्यावारी नेलं, कुणी टाळलं. रेवदंड्याच्या प्रज्योतने मात्र चाक खोलू दिलं. डिस्कच्या कडेला बोटभर चीर निघाली. प्रज्योतची बायको कल्पिता मुलाला कडेवर घेऊन बघत होती, तिने ओट्यावर बसून त्याला मांडीवर घेतलं.

"काका, चहा घेऊन जा," प्रज्योत कसाबसा म्हणाला.

हिरामण थांबला नाही. कल्पिताच्या मांडीवरचं ते मूल त्याच्याच्याने बघवेना. आपलंही चाक असं वेळीच खोललं असतं, तर आवडाबाई आज असती.