खिडकीखालचा थॅडियस

अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, वेर्नाच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, तरी भांडण चांगलंच तापलं होतं. तिघंही बहिरी, बोलायचं हातांनी आणि ऐकायचं डोळ्यांनी.

वेर्ना आणि थॅडियसच्या प्रेमावर सिनेमा निघत होता. ती गोरी, तो काळा. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याचं काम करणारा जेरेल काळा, बहिरा आणि वर देखणाही. खुणा पाठ करून आलेला, कानानं धड नट नको म्हणून वेर्ना अडून बसली, तेव्हा कुठे हा मिळाला. पण आज त्यानं लग्नाची मागणी घालून दाखवली आणि वेर्नानं डोळेच मिटून घेतले. बहिऱ्याच्या तोंडावर याहून मोठी चपराक नाही.

थॅडियसची धाकटी बहीण ओडेसा हिनं जमिनीवर पाय आपटला. हादरा बसला तशी वेर्नानं पापणी उचलली.

"ठिपके, बघ इकडे! रडवशील पोराला." नाकावरच्या ठिपक्यांवरून वेर्नाला हे नाव थॅडियसनंच दिलेलं.

"हा थॅडियस नाही," वेर्ना म्हणाली. "छातीपाशी, एका हातानं पुटपुटतोय. असं आमच्या गोऱ्यांच्या शाळेत बोलायचे."

"मलाही शाळेत हेच शिकवलं, आजी," जेरेल म्हणाला. "ते कसे बोलायचे? दाखवा की."

वेर्नानं हात उचलले. ते छातीपाशीच अडले. लग्नानंतर तीच तर त्याला चिमटे काढायची, हात आवर, लोक बघतात. रबराच्या कारखान्यात, बाजारात तो आवरायचा. घराचं दार लागलं की पुन्हा पाखरासारखे पसरायचा. ते हात तिनं जन्मभर वाचले. स्वतः तसं बोलली मात्र कधीच नाही. आता तेही पडद्यावरून पुसले गेले, तर नातवंडांना आजोबा दिसायचा कुठे?

"तुझ्यानं नाही व्हायचं," ओडेसानं तिला बाजूला सारलं. "आम्हा काळ्यांची शाळा वेगळी होती, पोरा. दोन्ही हात घे. कपाळापासून बोल. कोपरं सोड ना, कोंबडी आहेस का तू? अरे, गोऱ्या बहिऱ्यांच्या क्लबात त्याला पायरी चढू देत नव्हते. हा गडी रस्त्यावर, दिव्याखाली. ही वर, खिडकीत. तुझ्यासारखा पुटपुटला असता, तर हिला काय डोंबल दिसलं असतं? आजही बिनलग्नाची असती ही!"

वेर्नाला हसू फुटलं. मग ती उठलीच. "मी वर जाते. खिडकीतून वाचता आलं, तरच हो म्हणेन."

काठी टेकत ती माडीवर गेली. खाली रस्त्यात जेरेल उभा राहिला. पहिला प्रयत्न फसला. ओडेसानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग त्याचे हात कपाळाशी गेले आणि उघडले, ऐसपैस, कुणाचीही भीड न धरता.

"मला वर येऊ देत नाहीत. तू खाली ये. माझ्यापाशीच ये, कायमची."

वेर्नानं शब्दन् शब्द वाचला. काचेला हात लावला आणि जिन्याकडे वळली. धपाटा घालून एव्हाना वर आलेल्या ओडेसानं तिला अडवलं.

"अगं, कुठे निघालीस? नाटक आहे ते!"

"ठाऊक आहे," वेर्ना म्हणाली. "त्याला म्हणावं, थांब. मला आता जिना उतरायला वेळ लागतो."